एक टाळी म्हणजे हो

सुनेनं चपला घालता घालता दोन्ही मुलांना दारात उभं केलं आणि बजावलं, "आज आजीच्या मौनाचा शेवटचा दिवस आहे. बारा वाजेपर्यंत तिला बोलायला लावायचं नाही. समजलं?"

"समजलं," मोठी म्हणाली. ती सात वर्षांची होती आणि घरात सगळ्यांना कामाला लावत असल्यामुळे तिला सगळे मुकादम म्हणत. धाकटा चार वर्षांचा. तो गोलमटोल होता म्हणून गोळा. त्यानं काही न समजता मान डोलावली.

"आई, येते मी," सून म्हणाली. ती नर्स होती आणि आज तिची सकाळची ड्युटी होती. आजींनी एक टाळी वाजवली. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही, असा घरात करार झाला होता. पाटीवर किंवा कागदावर लिहिणं आजींना मंजूर नव्हतं. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं त्यांचं मत होतं.

रोज सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन, असे चाळीस दिवस. आजींचा हा तिसरा प्रयत्न होता. पहिला अकराव्या दिवशी "अगं बाई, दूध!" या शब्दांनी संपला होता. दुसरा एकोणतिसाव्या दिवशी, फोनवरच्या अनोळखी माणसाला "राँग नंबर" एवढंच सांगून. दोन्ही वेळा आजींना रात्री जेवण गेलं नव्हतं. त्यांचा मुलगा चेष्टा करायचा, "आई, देव प्रसन्न होईल की नाही माहीत नाही, पण शेजारी नक्की झालेत." या वेळी मात्र एकोणचाळीस दिवस निर्विघ्न पार पडले होते. व्रत सोडताना तोंडातून पहिला शब्द देवाच्या नावाचाच काढायचा, हेही त्यांनी महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं.

सून गेल्यावर आजी चष्मा टेबलावर काढून आतल्या खोलीत जपाला बसल्या. बाहेर मुलांचा सुट्टीचा उद्योग सुरू झाला. शाळेनं सांगितलं होतं, 'घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी बनवा.' मुकादमीणबाईंनी दीपगृह करायचं ठरवलं. आता टाकाऊ काय आणि उपयोगी काय, हे मोठ्यांना ठाऊक असतं. पण मोठी माणसं एक तर कामावर होती, नाहीतर मौनात.

आजी बाहेर आल्या तेव्हा त्यांना चष्म्याशिवाय आधी दिसला तो जमिनीवर पसरलेला निळाशार समुद्र. मग त्याच्या मधोमध उभी केलेली पुठ्ठ्याची लांब नळी. नळीवर तांबडे पट्टे होते, कापलेली खिडकी होती आणि टोकाला काहीतरी चकाकत होतं.

आजी लगबगीनं पुढे आल्या. ती नळी त्या ओळखत होत्या. त्यांचा मुलगा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायचा. नव्या जलवाहिनीचा मोठा नकाशा त्यानं तीन आठवडे खपून काढला होता आणि याच नळीत घालून टेबलावर ठेवला होता. दुपारी दोनला बैठक होती. नळी रिकामी होती, म्हणजे हा समुद्र...

त्यांनी तोंड उघडलं.

"आजी, व्रत!" मुकादम किंचाळली आणि धावत येऊन तिनं डिंकाचा हात आजींच्या तोंडावर दाबला. "मम्मीनं सांगितलंय. बोलायचं नाही म्हणजे नाही."

आजींनी डिंक पुसला आणि जोरात दोन टाळ्या वाजवल्या.

"आजीला आवडलं!" गोळा आनंदानं ओरडला आणि त्यानंही टाळ्या पिटल्या.

त्यांनी कागद उचलायला हात घातला, तर मुकादमनं मनगट धरलं. "ओलं आहे अजून. रंग पसरला की सगळा समुद्र गढूळ होतो. तू इथं बस आणि मासे काप."

आजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चष्मा सापडत नव्हता, तरी काटे अंधुक दिसत होते. दहा चाळीस. तेवढ्यात फोन वाजला. मुकादमनं उचलून स्पीकर लावला.

"आई, मी बोलतोय," मुलगा म्हणाला. "साडेबाराला आमचे शिपाईकाका नळी न्यायला येतील. नकाशा आत नीट आहे ना?"

आजींनी खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा खेळ पुन्हा सुरू झाला म्हणून गोळ्यानं पाच वाजवल्या. मागे राहायला नको म्हणून मुकादमनं दोन.

"आई? नऊ झाल्या. तिकडे सत्कार आहे का कुणाचा?"

आजींनी पुन्हा दोन वाजवल्या. मुलांनी पुन्हा साथ दिली.

"बरं बरं, एवढ्या उत्साहानं म्हणजे हो! ठेवतो, साइटवर आवाज आहे." फोन बंद झाला.

आजींनी डोळे मिटून हिशेब केला. शिपाई साडेबाराला येणार. आपलं मौन बाराला सुटणार. म्हणजे अर्धा तास हातात आहे. बाराच्या ठोक्याला मुलाला फोन करायचा, सगळं सांगायचं. एक तास वीस मिनिटांसाठी एकोणचाळीस दिवस पाण्यात घालायचे नाहीत. त्यांनी कात्री उचलली आणि मासे कापायला घेतले.

"आजी, ह्या चपला आहेत," मुकादमनं पहिले चार मासे तपासून सांगितलं.

"असू दे," गोळा म्हणाला. "वाहून आल्यात."

चपला समुद्रात चिकटल्या. बऱ्याच वेळानं गोळा म्हणाला, "आजी, भूक." आजींनी घड्याळ पाहिलं. दहा चाळीसच होते. त्यांनी बिस्किट दिलं. गोळ्यानं होड्या केल्या, त्या बुडवल्या, वर काढल्या आणि म्हणाला, "आजी, खूप भूक." आजींनी घड्याळ पाहिलं. फार तर एखादं मिनिट सरकलं असेल. शेवटच्या दिवशी देव परीक्षा बघतोच, त्यांनी मनाला सांगितलं आणि दूध दिलं. मुलाला नातवंडांच्या पोटाबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगावं, असंही त्यांच्या मनात आलं. तिसऱ्यांदा मुकादमच म्हणाली, "आजी, जेवायचं कधी?" आणि आजींना पहिल्यांदाच देवाचा थोडा राग आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शिपाईकाका.

"नमस्कार आजी. साहेबांनी नळी न्यायला पाठवलंय."

हा माणूस दोन तास आधी कसा उगवला, ते आजींना समजेना. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. शिपाईकाका संकोचले. "टाळ्या कशाला आजी, कामच आहे आमचं," असं म्हणत ते आत आले.

"हीच नळी ना?" त्यांनी दीपगृह उचललं. "खिडकी कशाला ठेवली हो साहेबांनी हिला? आणि हा चष्मा कुणाचा इथं टोकाला?"

"तो चष्मा नाही, ती काच आहे. दिवा लांब दिसायला," मुकादम म्हणाली. "समुद्र पण न्या. समुद्राशिवाय दीपगृह कसं?"

"साहेबांनी सांगितलंय का?"

"बाबांचंच आहे ते."

शिपाईकाका सांगितल्या कामाचे पक्के होते. त्यांनी वाळलेला समुद्र चपलांसकट गुंडाळला, नळीत सरकवला आणि दाराकडे वळले. आजी दोन्ही हात पसरून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आजी, सोडा ना. पाऊण वाजतोय. साहेब माझ्यावर ओरडतील."

आजींनी जळजळीत नजरेनं घड्याळाकडे बोट केलं.

"ते?" शिपाईकाकांनी निरखून पाहिलं. "ते तर बंद पडलंय."

"बंद नाही पडलं," मुकादम दुखावल्या आवाजात म्हणाली. "त्याचा सेल दीपगृहात आहे. दिव्याला लागतो ना."

शिपाईकाकांनी आपला मोबाईल आजींच्या नाकासमोर धरला. चष्मा नसूनही आजींना ते मोठे आकडे दिसले. बारा सेहेचाळीस. चाळीस दिवसांचं व्रत पाऊण तासापूर्वीच पूर्ण झालं होतं. आजींनी हात जोडले, डोळे मिटले, ठरवलेला शब्द ओठांवर आणला आणि तोंड उघडलं.

"गाढवांनो!"

मुकादमचा डिंकाचा हात निम्म्यावरच थांबला.

"बाबांचा नकाशा रंगवलात? तीन आठवडे राबलाय तो! आता दोन वाजता काय दाखवेल?"

"बाबांचा नाही रंगवला," मुकादम शांतपणे म्हणाली. "तो मागच्या बाजूला आहे. तिकडे आधीच कुणीतरी रेघोट्या मारल्या होत्या, म्हणून आम्ही कोरी बाजू घेतली. खाली वर्तमानपत्र पण घातलं, रेघोट्या खराब व्हायला नकोत म्हणून."

शिपाईकाकांनी कागद काढून उलटा केला. नळीच्या टोकावरून चष्मा सोडवून आजींच्या डोळ्यांवर चढवला. कागद चांगला जाड होता. एकूण एक जलवाहिनी जागच्या जागी होती.

"मग सांगायचं नाही का मला?" आजींचा आवाज एकदम खाली आला.

"तू विचारलंच नाहीस."

"विचारणार कशी?"

मुकादमनं विचार केला. "ते पण खरंच."

संध्याकाळी मुलगा आला तो हसतच. बैठक झाली, नकाशा मंजूर झाला. फक्त मोठ्या साहेबांनी कागद पालथा करून दहा मिनिटं पाहिला आणि विचारलं, 'हा समुद्र आपल्या हद्दीत कधी आला? आणि त्यात चपला कुणाच्या?'

"मासे आहेत ते," आजी म्हणाल्या.

"पण आई, मुख्य सांगा," सुनेनं विचारलं. "व्रत पूर्ण झालं ना? किती वाजता सोडलंत?"

आजींनी भिंतीकडे पाहिलं. सेल अजून परत बसवायचा होता.

"दहा चाळीसला."

"म्हणजे मोडलं की गं पुन्हा!" मुलगा म्हणाला.

"मोडलं कसं?" आजी देवापुढे समई लावत म्हणाल्या. "त्याचं घड्याळ काय सेलवर चालतं?" मग जरा थांबून, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी देवाला एवढंच विचारलं, "तो पहिला शब्द तेवढा तू ऐकला नाहीस ना?"

आतून दोन टाळ्या ऐकू आल्या. आजी निर्धास्त झाल्या. तिकडे गोळा दूध नको म्हणत होता.