वामनकाकांची बाज

कुणाच्या घरात भांडण पेटलं की आमच्या अमडापुरात वामनकाका डोक्यावर बाज घेऊन हजर होतात. समजूत घालायला येणारे इतर लोक निदान चहाची वाट पाहतात. काका आल्या आल्या ती सुंभाची खाट अंगणात टाकतात, पायथ्याची दोरी ढिली करतात आणि भांडणाऱ्या दोघांना तिच्यापाशी बसवतात.

"तोंड बंद, हात चालू. ताणा बाज!"

आता, बाज एकट्यानं नीट ताणता येत नाही. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ताण धरून ठेवायचा. धरणाऱ्यानं मध्येच सोडलं तर ओढणारा उताणा. त्यामुळे राग कितीही असो, "धर" आणि "सोड" एवढं तरी बोलावंच लागतं. मी न सांगता चार पाहुणे जेवायला आणले तेव्हा माझ्या बायकोनं अबोला धरला होता. काकांनी आम्हालाही बसवलं. तिनं मुद्दाम दोरी सोडली, मी थेट तुळशीपाशी जाऊन पडलो, ती हसली आणि भांडण मिटलं. माझी कंबर पुढं आठवडाभर दुखली, ते वेगळं.

मला मात्र ही तऱ्हा कधी पुरती पटली नाही. काही भांडणं बोलल्याशिवाय मिटतच नाहीत. पण काकांना हे सांगणार कोण?

गेल्या हिवाळ्यात काका तापानं फणफणले, म्हणून मी डबा घेऊन गेलो. पाहतो तर त्यांची स्वतःची बाज इतकी ढिली, की झोपलेल्या काकांची पाठ जमिनीला टेकलेली.

"काका, उठा. दोघं मिळून ताणून टाकू."

"हात नको लावू तिले. थे तिची बाजू हाये."

'ती' म्हणजे काकू. त्या देऊळगाव राजाला लेकीकडे राहत होत्या. लेकीनं, संगीतानं, आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि काकांनी तिचं नावच टाकलं. काकू विषय काढायच्या, काका उठून बाज ढिली करायचे. शेवटी एक दिवस काकूंनी दोरी तशीच टाकली आणि बस धरली. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं मला त्या दिवशी कळलं.

"मी तिले जनमभर 'संगीची माय' म्हणून हाक मारली," काका छताकडे पाहत म्हणाले. "संगीचं नाव टाकलं अन् हिले कोणत्या नावानं बोलवावं, थेच समजेना. घर सोडून जाले निघाली तवा फाटकात उभी राह्यली, माह्याकडे पाहत. मी दोरीकडेच पाहत बसलो बे."

उभ्या गावाला बोलतं करणारा हा माणूस घरात मुका होऊन बसला होता.

घरी येऊन मी बायकोला सारं सांगितलं. तिनं काकूंना फोन केला, तापाचं तेवढं कळवलं. दुसऱ्या दिवशी काकू पिशवी घेऊन आल्या, तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो. काका धडपडत उठले आणि सवयीनं बाजेची दोरी सोडायला लागले.

काकूंनी हात पुढं केला नाही. "दोरी राहू द्या. ताप पाहाले आली, पाहून चालली."

काका दोरीचं टोक धरून नुसते उभे राहिले. त्यांना खोकला आला. काकू पिशवी सावरून फाटकाकडे वळल्या. आता ह्या गेल्या तर पुन्हा येणार नाहीत, हे मलाही कळत होतं.

"संगीची माय," काका म्हणाले. मग आणखी हळू, "संगी बरी हाये ना वं?"

काकू मटकन त्या ढिल्या बाजेवरच बसल्या. पदर तोंडाशी धरून खूप रडल्या. मग पिशवीतून फोन काढून त्यांनी लेकीचा नंबर लावला आणि काकांपुढं धरला.

"तुमीच इचारा तिले."

काकांनी दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी फोन धरला.