मास्तर निकांद्रोंचा आठ

"माझी समीकरणं चुकत नाहीत," हे डॉक्टर ओतिलिया शिकाले चोलूलाच्या प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगत असे. समीकरणं मेमरिस्टरची. आपल्यातून किती वीज वाहून गेली हे लक्षात ठेवणारा रोधक म्हणजे मेमरिस्टर. खरा सहजी हाती लागत नाही, म्हणून साध्या सुट्या भागांतून त्याची नक्कल उभी करायची. ती साधली, की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आडवा पडलेला इंग्रजी आठ उमटतो. त्या आठाची कंबर नेमकी शून्यावर हवी. तसूभर सरकली, की नक्कल फसली.

ओतिलियाच्या आठाची कंबर अकरा वर्षांत कधी सरकली नव्हती. समीकरणं तिची, जोडणी तंत्रज्ञ मास्तर निकांद्रोंची. एकतीस वर्षं मास्तरांनी दुसऱ्यांचे परिपथ जोडले, पण त्यांचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. नव्या निबंधावर ओतिलियाने ते घातलं, तेव्हा मास्तर लाजून लाल झाले आणि घरी जाऊन कार्मेलाला, म्हणजे बायकोला, छापील पानासाठी चौकट आणून ठेवायला सांगितली. सप्टेंबरात मास्तर गेले. चौकट भिंतीवर रिकामीच राहिली.

ऑक्टोबर संपता संपता संपादकांचं पत्र आलं. आठ संशय यावा इतका चांगला आहे, तीन नोव्हेंबरच्या आत मोजणी पुन्हा करून पाठवा, नाहीतर निबंध परत.

"त्यात काय, पाच मिनिटांचं काम," म्हणत ओतिलियाने कपाट उघडलं. मास्तरांनी परिपथ जोडलेला बोर्ड जागेवर नव्हता.

तो खाली होता. कचेरी सांभाळणाऱ्या तोमासाबाईंनी मृतांच्या दिवसाची आरास मांडली होती, आणि आराशीत गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं ठेवायचं असतं, कारण त्या दिवशी ते माणूस परत येऊन जातं म्हणतात. झेंडूचे ढीग, मेणबत्त्या, मास्तरांचा फोटो, मोलेच्या दाट रश्शाची वाटी. वाटी आडवी झालेली, आणि तिच्याखाली बोर्ड.

"तोमासाबाई, बोर्डावर हे काय आहे?"

"मोले. मास्तरांना माझ्याच हातचा लागायचा."

"पण बोर्डावर?"

"सकाळी मांजर येऊन गेलं, डॉक्टरबाई. मी आपली खूश, म्हटलं मास्तर जेवून गेले."

ओतिलियाने दात घासायच्या ब्रशने आणि अल्कोहोलने बोर्ड घासला. वीज दिली. आठ उमटला खरा, पण कंबर शून्यापासून बोटभर लांब, आणि बोर्ड तापेल तशी आणखी लांब.

"तुमच्या मोलेने घात केला."

"माझ्या मोलेने आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही," तोमासाबाई फणकारल्या.

दोन दिवस खपून ओतिलियाने त्याच आराखड्याचा कोरा करकरीत बोर्ड जोडला. त्याचीही कंबर तशीच घसरली. मोले निर्दोष सुटला.

तेव्हा तोमासाबाई खाली जाऊन आराशीतून घड्याळजीचा असतो तसला चिमुकला पेचकस घेऊन आल्या. "हा लावून बघा. तुम्ही पडद्याकडे बघायला लागलात, की मास्तर बोर्डाच्या मागे हात घालून हा फिरवत राहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तापलं की घसरतं ते. बाईंना सांगू नका, हिरमुसतील. आता ते नाहीत, म्हणून सांगते."

ओतिलियाने जुना बोर्ड उलटा केला. मागे शून्य जुळवायचा स्क्रू होता. तिच्या आराखड्यात त्याच्यापुढे 'एकदाच जुळवावा' असं लिहिलेलं. त्याची खाच झिजून चकाकत होती.

ती स्टुलावर बसली. समीकरणांत उष्णता धरायचीच राहिली होती, याचं तिला एवढं वाईट वाटलं नाही. अकरा वर्षं तो माणूस एका हातात कॉफी आणि दुसरा हात बोर्डामागे असा उभा होता, आणि आपण एकदाही मान वळवून पाहिलं नाही, हे तिला सोसेना. ती तोमासाबाईंसमोरच रडली.

मग दोघींनी प्रयत्न केला. तोमासाबाईंनी पेचकस फिरवला आणि आठाची तोर्तिया झाली, मक्याच्या भाकरीसारखी गोल.

"उलटा फिरवा."

"कुणीकडून उलटा?"

जागा बदलून पाहिल्या. जमलं नाही ते नाहीच.

तीन तारखेला ओतिलियाने खरं ते लिहिलं. आठ समीकरणांनी नाही, हाताने धरून ठेवला होता. मोजणी पुन्हा करता येत नाही, कारण परिपथातला एक घटक आता मिळत नाही. लेखकांच्या यादीत तिने मास्तरांचं नाव वर घेतलं आणि आपलं खाली.

आठवड्याने उत्तर आलं. निबंध नाकारला आहे. पुन्हा पाठवायचा झाल्यास त्या घटकाला पर्याय सुचवावा.

"पर्याय असता तर आरास कशाला मांडली असती, म्हणावं," तोमासाबाई म्हणाल्या.

ओतिलिया ते पत्र घेऊन कार्मेलाकडे गेली. नकार आला आहे, हे तिने दारातच सांगून टाकलं. कार्मेलाने कागद उजेडात धरला. सर्वांत वर छापलं होतं: निकांद्रो कोयोत्ल आणि इतर.

"नाव बरोबर छापलंय की," ती म्हणाली आणि भिंतीवरची चौकट उतरवून पत्र आत बसवू लागली. "हे इतर कोण?"

"मी," ओतिलिया म्हणाली.