आटलेला समुद्र

मुलांना शिकवायचं कसं, हे मला कुणी सांगू नये! उभी हयात फळ्यासमोर गेली आहे माझी. म्हणूनच नातीच्या वर्गातल्या पोरांना घरबसल्या समुद्र दाखवायचं मी कबूल केलं. घरातले हसले. "हसा! मासा पोहायला लागला की बघतोच एकेकाला!"

बेत साधा होता. काचेची टाकी, समुद्री मीठ घातलेलं पाणी, वाळू, दगड आणि एक नारिंगी मासा. कोपऱ्यात सौभाग्यवतीचं शिलाई मशीन होतं, ते मी बाल्कनीत सरकवलं.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "पोरं येतील त्या रविवारी त्यांना त्या टाकीत मासा दिसला नाही, तर टाकी बाल्कनीत आणि माझं मशीन जागेवर!"

"मंजूर!"

पण घाईत मासा सोडायचा नसतो. टाकी आधी मुरावी लागते, पाणी माशाला मानवेल असं व्हावं लागतं. कित्येक आठवडे मी नुसत्या पाण्याकडे बघत बसलो. मुलगा येता-जाता विचारायचा, "बाबा, काय म्हणतंय पाणी?"

"गप्प आहे. शिक काहीतरी त्याच्याकडून!"

टाकीवरच्या दिव्याच्या उबेने पाणी आटायचं. मी टाकीवर रेघ मारली आणि हुकूम सोडला, "पाणी रेघेखाली गेलेलं ज्याला दिसेल, त्याने भरायचं!" कोणतं पाणी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. समुद्र खारट असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! मुलगा मीठ कालवून ओतायचा, सून कालवून ओतायची, मी तर मूठभर जास्तच. समुद्राशी कसली कंजुषी?

रविवार उजाडला. मासा दुकानाच्या पिशवीत, टाकीतल्या पाण्यावर तरंगत होता. खारेपणा मोजायच्या डबीत मी पाणी भरलं. काटा असा उसळला, जणू पहिल्या बाकावरच्या पोराने उत्तर येतं म्हणून हात वर केला!

"डबी बिघडलीय," मी जाहीर केलं.

"आजोबा," नात म्हणाली, "पाण्याची वाफ झाली की मीठ कुठे जातं?"

"जातं कुठे? खालीच राहतं! किती वेळा शिकव..." मी डबीकडे पाहिलं, मग टाकीवरच्या रेघेकडे.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हीही मीठ घालत होतात?"

"म्हणजे तूसुद्धा?"

"रस्सा आटला म्हणून कुणी वरून मीठ घालतं का हो?" असं म्हणत सौभाग्यवती मोजपट्टीने कोपरा मोजायला लागली.

"ती पट्टी खाली ठेव! पोरं अजून यायची आहेत!"

मग धांदल उडाली. खारं पाणी बादलीत, तयार ठेवलेलं साधं पाणी टाकीत! मुलगा घसरला, त्याने सुनेला धरलं, सुनेने पडदा धरला. पडदा बिचारा कुणाला धरणार? तेवढ्यात बेल वाजली. खालचे शेजारी!

"आजोबा, आमच्या पंख्यातून पाणी टपकतंय!"

"चाखू नका, खारट आहे!"

त्यांच्यामागे सगळा वर्ग उभा.

"या, बाळांनो! आजचा प्रयोग बाष्पीभवनाचा! मी मुद्दाम जास्त मीठ..."

"आजोबा!" नातीने डोळे वटारले.

"बरं, चुकून! पण चुकलेलं गणित पुसून पळायचं नसतं, पुन्हा सोडवायचं असतं! उचला ते बादलीजवळचे मग!"

पोरांनी पाणी काढलं, घातलं, पुन्हा मोजलं. काटा जागेवर आला तसा पोरांनी आरडाओरडा केला. पिशवीत थोडं थोडं टाकीचं पाणी घालून शेवटी मासा सोडला. तो सुर्रकन दगडामागे गेला आणि गायब!

"दिसत नाही," सौभाग्यवती म्हणाली.

"टाकीत आहे की नाही? पोरांनी जाताना पाहिलाय! काय रे पोरांनो?"

"हो!" सगळा वर्ग एका सुरात.

तर, टाकी हललेली नाही. मासा ठणठणीत आहे, रोज बाहेरही येतो. पण सौभाग्यवतीने "ये रे सोन्या" म्हटलं तरच! माझा नुसता खाकरा ऐकला की दगडामागे. लपू दे! हार मानणाऱ्यांतला मी नव्हे. हल्ली मीही सोफ्यामागे लपून बसतो आणि बघूनच उठतो!