तात्पुरते कार्यस्थळ : मुलीचे लग्न

आमच्या मंडळात रजा कोणी बंद केली नाही. तिची गरज उरलेली नाही, असं सात जणांच्या समितीने एकमताने नोंदवलं, आणि त्या सात जणांत धम्मपाल सकपाळही होते. ठरावाखाली त्यांची सही आहे, तारखेसकट. मी आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे कोण कुठे सही करून बसलंय हे मला बघावंच लागतं.

मंडळाचं नाव राज्य सुतळी व दोरखंड प्रसार मंडळ. परळला, जुन्या गिरणीच्या मागच्या अंगाला, तिसरा मजला. राज्यातल्या कचेऱ्यांनी फायलींचे गठ्ठे बांधायला जास्तीत जास्त सुतळी वापरावी, यासाठी आम्ही प्रयत्न करतो, आणि प्रयत्न केल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी वर पाठवतो. प्रयत्न सगळे मिळून करतात. अहवाल एकटे सकपाळ लिहितात. एकतीस वर्षं लिहितायत, सेवेत एका दिवसाचा खंड नाही.

गेल्या वर्षी आमचे साहेब, अवधूत प्रधान, तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि कागदविरहित होऊन परत आले. सगळं काम क्लाउडवर, प्रत्येकाला एक टॅबलेट. आस्थापनेच्या सुनेत्राबाई वैद्य गिरगावातल्या. त्यांना शंका मनात ठेवता येत नाही.

"साहेब, कागदच गेला तर सुतळी कशाला बांधायची?"

साहेबांनी चष्मा पुसला. "तो धोरणात्मक प्रश्न आहे, बाई. दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

पहिल्या टप्प्यात सात टॅबलेट आले. सरकारी मालमत्ता म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातला. चोरीला जाऊ नयेत म्हणून सुनेत्राबाईंनी ते मंडळाच्याच सुतळीने टेबलाच्या पायाला बांधले, दुहेरी गाठ मारून. त्या सहामाहीत सुतळीचा वापर अकरा मीटरने वाढला आणि अहवालात तशी नोंदही झाली. मग तपासणी आली. तपासनिसांनी शेरा मारला : 'फिरती साधने फिरत नसल्याचे आढळले. खुलासा व्हावा.'

खुलासा करण्यापेक्षा फिरवणं सोपं. हालचाल नोंदवही उघडली. पण टॅबलेट फिरवायला वेळ कुणाला होता? सुनेत्राबाई रोज संध्याकाळी दादरला भाजी घ्यायला उतरतात. त्यांनी सातही टॅबलेट पिशवीत घातले आणि वर मेथी ठेवली. महिनाअखेर नकाशा निघाला, तेव्हा मंडळाचे सातही कर्मचारी रोज सहा दहा ते सहा चाळीस दादरच्या फुलबाजाराशेजारी एकाच जागी उभे असल्याचं दिसलं. साहेबांनी तो नकाशा मुख्यालयात दाखवला. तिथे 'थेट जनसंपर्क' म्हणून त्याचं कौतुक झालं.

त्या कौतुकातून परिपत्रक निघालं. काम भाजीबाजारातून होतं, म्हणजे ते कुठूनही होतं. साहेबांनी आम्हाला समोर बसवून समजावलं.

"रजा म्हणजे काय? कामाच्या ठिकाणी नसणं. आता कामाचं ठिकाण सगळीकडे आहे. सगळीकडे नसलेला माणूस मला दाखवा, त्याची रजा मी आत्ता मंजूर करतो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सगळे होतो. सही केली.

नव्या अ‍ॅपमध्ये गैरहजेरीला एकच कारण ठेवलेलं होतं : 'नेटवर्क उपलब्ध नाही.' पुरावा म्हणून त्या जागेचा फोटो, त्याच जागेवरून, ताबडतोब अपलोड करायचा. आजवर एकही पुरावा आलेला नाही. राज्यात सगळीकडे उत्तम नेटवर्क असल्याचं यावरून सिद्ध होतं, असं साहेबांचं म्हणणं.

अशा वातावरणात सकपाळांच्या नम्रताचं लग्न ठरलं. मुलगा हर्षवर्धन, तोही चांगला शिकलेला. वडाळ्याचा हॉल मिळाला, पण गुरुवारचा. नम्रता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, बोलणं मोजकं. तिने बापाला एकच मागणी केली होती. ती सकपाळांनी मला चहाच्या टपरीवर सांगितली, आणि सांगताना ग्लास हातात तसाच धरून ठेवला.

"म्हणाली, पप्पा, माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही ऑफिसात. पदवीच्या कार्यक्रमाला ऑफिसात. लग्नाला तरी या. पूर्ण या."

"मग?"

"शब्द दिलाय. आख्खा दिवस."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. मी आवक वही घेऊन शेजारीच होतो.

"साहेब, गुरुवारी एक दिवस."

"एक दिवस काय?"

"रजा."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. "सकपाळ, तुमच्या मुलीचं लग्न, आणि तुम्ही गैरहजर राहायचं म्हणताय? उलट हजर राहा. तुम्हाला कोण अडवतंय? वडाळ्याला नेटवर्क आहे ना?"

"आहे साहेब. चार कांड्या."

"मग प्रश्नच मिटला. वैद्यबाई, हॉल तात्पुरतं कार्यस्थळ म्हणून घोषित करून टाका."

सुनेत्राबाईंनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. कार्यस्थळाचं नाव : वडाळा. भेटीचं प्रयोजन : मुलीचे लग्न. अपेक्षित फलनिष्पत्ती हा रकाना सक्तीचा होता. बाईंनी जरा विचार करून 'जावई' लिहिलं. चार मिनिटांत मंजुरी आली. सकपाळांची बदलीची फाईल दोन वर्षं पडून होती, त्या मानाने कारभार सुधारला होता यात शंका नाही.

"फक्त एक," साहेब म्हणाले. "गुरुवारी सहामाही अहवालाची शेवटची तारीख आहे. पण तो तर क्लाउडवर आहे. सगळे मिळून लिहू. तुम्ही फक्त नजर ठेवा."

गुरुवारी आम्ही सगळे वडाळ्याला गेलो. निमंत्रण सगळ्यांना होतं आणि कार्यस्थळही तिथेच होतं, त्यामुळे न जाण्याचं कारण नव्हतं. परळच्या कचेरीला कुलूप लावून दारावर 'कार्यालय सुरू आहे' अशी पाटी अडकवली.

हॉल छान सजवला होता. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, पांढरी फुलं, मेणबत्त्या. सकपाळ पांढऱ्या सदऱ्यात दाराशी उभे होते आणि येणाऱ्याला एका हाताने जय भीम करत होते. दुसऱ्या हातात टॅबलेट होता, पाठीवर पांढऱ्या रंगात 'सुदोमं/३'. आम्ही सहा जण दुसऱ्या रांगेत ओळीने बसलो आणि आपापले टॅबलेट मांडीवर घेतले. पाहुण्यांना आम्ही व्हिडिओवाले वाटलो. एका मावशींनी येऊन माझ्याकडे बघत पदर सारखा केला.

साडेदहाची हजेरी सकपाळांनी दाराशीच दिली. अ‍ॅपसमोर चेहरा धरून दोनदा डोळे मिचकावले की झालं. मग ते आत येऊन आमच्याच रांगेच्या टोकाला बसले. त्यानंतर दर चार मिनिटांनी पडद्यावर प्रश्न यायचा : 'आपण अद्याप कार्यरत आहात का?' एका मिनिटात अंगठा टेकवला नाही तर अनधिकृत अनुपस्थिती, म्हणजे सेवेत खंड. एकतीस वर्षांत जो पडला नव्हता तो.

"सकपाळ, इकडे द्या ते," सुनेत्राबाई कुजबुजल्या. "मी दाबते. जा तुम्ही पोरीपाशी."

"अंगठा माझाच लागतो, बाई."

"मग अंगठा ठेवून जा."

सकपाळ हसले. ते हसत असतानाच टॅबलेट थरथरला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या साहेबांना परिशिष्ट 'क' जरा जुनाट वाटलं होतं. त्यांनी जिल्हावार सुतळीचे मीटर काढून किलोमीटर केले. आता सगळ्या राज्यात मिळून सुतळी शून्य पूर्णांक काहीतरी दिसत होती. सकपाळांनी मान खाली घातली आणि परत मीटर केले. मग आमच्यातल्या कुणीतरी मदत म्हणून सगळा तक्ता मध्यभागी आणला. त्यात सिंधुदुर्ग गळाला. सकपाळ सिंधुदुर्ग शोधायला लागले.

तेवढ्यात त्रिशरण सुरू झालं. सगळा हॉल हात जोडून उभा राहिला. सकपाळही उभे राहिले, ओठ चालू होते, हात अर्धे जोडलेले, मधे टॅबलेट. पंचशील झालं. वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या. नम्रता प्रतिज्ञा म्हणताना एकदा बापाकडे बघून गेली. बाप कार्यरत असल्याचं कळवत होता.

सकपाळांची आई राधाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मागे वळून लेकाच्या गुडघ्यावर काठी टेकवली.

"धम्मा, पोरीचं लगीन लागतंय. मान वर कर की रे बाबा."

"हो आये. एक मिनिट."

"एक मिनिटाचंच लगीन असतंय."

बौद्धाचार्यांनी हार द्यायला सांगितलं. बारा पस्तीस झाले होते, आणि दुसऱ्या हजेरीची वेळही तीच. नम्रताने हार उचलला. सकपाळांनी टॅबलेट उचलला, उजेडासाठी दाराकडे वळून चेहऱ्यासमोर धरला, आणि दोनदा डोळे मिचकावले. पडद्यावर हिरवी खूण आली. ते वळले तेव्हा पाकळ्या खाली पडलेल्या होत्या आणि लोक टाळ्या संपवत होते.

तीनच्या हजेरीनंतर जेवणं झाली. अहवाल तीन बावन्नला वर गेला, सिंधुदुर्गासह. साहेबांनी सकपाळांचा हात हातात घेऊन सांगितलं, "बघा, दोन्ही झालं की नाही? उगीच रजा मागत होतात." निरोपाच्या वेळी नम्रता बापाच्या गळ्यात पडली. सकपाळांनी एका हाताने तिला जवळ घेतलं. दुसरा हात त्यांनी जरा लांब धरला होता, सरकारी मालमत्तेला ओल लागू नये म्हणून.

पुढच्या महिन्यात मुख्यालयाचं पत्र आलं. कौटुंबिक कार्यस्थळावरून शंभर टक्के उत्पादकता राखल्याबद्दल श्री. सकपाळ यांचा गौरव. पत्र क्लाउडवर होतं. सकपाळांनी ते घरी लावायला छापून मागितलं, पण कागदविरहित धोरणात ते बसेना.

त्याच आठवड्यात हर्षवर्धनने लग्नाचा अल्बम क्लाउडवर चढवला. एक हजार एकशे बेचाळीस फोटो. ती सोय फार हुशार आहे. चेहरे ओळखून ज्याचे त्याचे फोटो आपोआप वेगळे काढते. सकपाळांनी तो आम्हाला ऑफिसात दाखवला, टेबलाभोवती गोळा करून. राधाबाई दोनशे बारा. साहेब त्रेसष्ट, कारण ते प्रत्येक फोटोसाठी स्टेजवर चढले होते. सुनेत्राबाई एक्केचाळीस. जेवण वाढणाऱ्या एका अनोळखी माणसाचे शहाण्णव.

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

सकपाळांनी बोटाने खाली सरकवलं, वर सरकवलं. त्यांचा गठ्ठा नव्हता. अगदी शेवटी, कुंड्या आणि चपलांच्या फोटोंच्या अलीकडे, एक वेगळा गठ्ठा होता. त्यात एकशे सात फोटो, सगळ्यांत तेच : वरून दिसणारं विरळ डोकं आणि डावीकडे पाडलेला भांग. यंत्राने विचारलं होतं, 'ही व्यक्ती आहे का?'

खाली नम्रताने उत्तर दिलेलं होतं. 'हो. पप्पा.'

सुनेत्राबाई उठून खिडकीशी गेल्या आणि उगाच पडदा ओढू लागल्या.

मग सकपाळांनी अर्ज केला. तो माझ्याकडे आवक झाला, क्रमांक चारशे अठरा. 'दिनांक सोळा रोजी तात्पुरत्या कार्यस्थळावरून दिलेल्या माझ्या तीन चेहरा-हजेऱ्यांच्या प्रती वैयक्तिक वापरासाठी मिळाव्यात. सदर दिवशी माझा चेहरा अन्यत्र उपलब्ध नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. हजेरी ही गोपनीय कार्यालयीन नोंद. बाहेर देता येत नाही, छापता तर मुळीच येत नाही. साहेब थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग उठून स्वतः दार लावलं, कपाटामागून जुना प्रिंटर काढला आणि तीन प्रती काढल्या. हा प्रकार आवकेत आहे, जावकेत नाही.

सकपाळांनी त्या तीन प्रती एका वहीत चिकटवल्या. वडाळ्याच्या लग्नात मान वर असलेले त्यांचे तेवढेच तीन फोटो. तिन्हींत डोळे अर्धे मिटलेले, कोपऱ्यात वेळ आणि कर्मचारी क्रमांक. मधल्या फोटोत, उजव्या कानाच्या मागे, धूसर असं काहीतरी पांढरं दिसतं. तो नम्रताचा हात आहे आणि त्यात हार आहे. सकपाळ ते बोट ठेवून दाखवतात, कारण सांगितल्याशिवाय कळत नाही.

वही त्यांनी लेकीला दिली. सुनेत्राबाईंनी ती मंडळाच्या सुतळीने बांधून दिली होती, त्यामुळे सहामाही वापरात अर्धा मीटर धरता आला.

तुमच्या घरातही अलीकडे काही कार्य झालं असेलच, आणि त्याचे फोटो कुठेतरी वर चढवलेले असतील. सवड मिळाली की त्यात स्वतःला शोधा. सापडायला वेळ लागला तर घाबरू नका, फक्त आपण भांग कुठल्या बाजूला पाडतो ते आधी आठवून ठेवा. आणि हे आत्ता मोबाइलवर वाचत असाल, तर काठी टेकवून तुम्हाला कुणी काही सांगतंय का, तेवढं बघा.