बोटीचा टाइम, बंदराचा टाइम

परशूकाकांना कुणी हळदीचं आमंत्रण द्यायला आलं, की नवरा कोण, नवरी कुठली, हे ते आधी विचारत नसत. उंबऱ्यात उभं राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून विचारत, "कुठला टाइम? बोटीचा का बंदराचा?"

आमंत्रण देणारा नवखा असला तर गडबडून जायचा. "काका, बोट कसली? हळद हाय, मांडवात. पाच वाजता."

"ते कळलं. पण पाच म्हणजे कुणाचे पाच?"

मी खाडीकाठच्या मुरब्याला मास्तरीण म्हणून आले तेव्हा त्यांच्याच घरातली पडवीलगतची खोली भाड्याने घेतली होती. मी बेटेगावची, भातशेतीत वाढलेली. आमच्याकडे पाच वाजले म्हणजे पाच वाजले. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "बाई, शाळा किती वाजता भरणार?" मी म्हटलं, "अकराला. आणि कुठला टाइम ते विचारू नका, मी दमून आलेय!" आतून त्यांच्या बायकोचं, हिराकाकूंचं, खुदकन हसणं ऐकू आलं. त्या घराशी माझं सूत जमलं ते तेव्हापासून.

काकांनी सगळी उमेद उतारूंच्या बोटीवर घालवली होती. फिरायला निघालेल्या गोऱ्या लोकांची बोट. बंदर लागलं की मंडळी खाली उतरणार, कुठे पिरॅमिड बघणार, कुठे देवळं, कुठे नुसताच बाजार. त्या सहलींची तिकिटं फाडायची, शिडीपाशी उभं राहायचं आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला परतीची वेळ सांगायची, हे काकांचं काम. यात काय मोठंसं, असं मला वाटायचं. एकदा तसं बोलून गेले आणि फसले. काकांनी मला पाटावर बसवून धडाच दिला.

"बाई, बोट मावळतीकडे चालली की घड्याळ मागे घ्यावं लागतं. पण एका दिवसाच्या मुक्कामाला कोण सगळ्या बोटीची घड्याळं फिरवणार? कधी घेतात, कधी नाय घेत. मग बोटीवर चार वाजलेले, आणि खाली बाजारात साडेतीनच. आता तुमी बाजारातलं घड्याळ बघून आरामात कॉफी प्या. बोट गेली!"

"अहो, पण मी कुठे चाललेय बोटीने?"

"टाइम काय सांगून येतो?"



त्याच सुमारास तारापूरला अणुविजेचं काम सुरू झालं होतं आणि बोईसरच्या बाजारात एखाददुसरा गोरा साहेब दिसायला लागला होता. काकांनी एकदा अशाच एका साहेबाला भाजीवालीसमोर गाठलं. साहेबाला वाटलं, हा माणूस काहीतरी विकायला आलाय, म्हणून तो नको नको म्हणत हात हलवायला लागला. काका त्याच्याकडून एवढंच काढून घेऊन आले की आत्ता त्याच्या घरी किती वाजलेत. येताना एसटीत सगळ्यांना सांगत होते, "त्याची पोरं आता झोपली असतील हो." हे सांगताना इतके खूश, की कुणाला थट्टा करायला सुचलं नाही.

आणि आमची शाळेची सहल! शिरगावच्या किल्ल्यावर जायचं होतं. काका म्हणाले, "बाई, सहल माझ्यावर सोडा." मी सोडली. काकांनी प्रत्येक पोराला पुठ्ठ्याचं तिकीट दिलं, रांगेत उभं केलं आणि किल्ल्याच्या दारात परतीची वेळ तीनदा म्हणून घेतली. पोरं आत शिरतात न शिरतात तोच यांनी शिटी फुंकली. "चला, चला, शिडी उचलायची वेळ झाली!" किल्ला राहिला बाजूला. रस्ताभर पोरं रडवेली आणि मी संतापलेली. घरी येऊन मी हिराकाकूंजवळ भडाभडा बोलले.

काकू पापलेट साफ करत होत्या. म्हणाल्या, "बाई, रागावू नका. त्यांच्या हातून एक बाई राहिलीय."

पोर्ट सैदच्या बंदरात एका म्हाताऱ्या मडमेला काकांनी "चारला या" असं सांगितलं होतं. कुणाचे चार, ते सांगायचं राहिलं. ती बंदराच्या घड्याळाने निघाली आणि धक्क्यावर आली तेव्हा शिडी उचललेली. "ती ओरडली नाय," हे मला पुढे काकांनीच सांगितलं. "नुसती उभी. हातात पिशवी. मी वरून बघतोय, ती खालून बघतेय." पुढच्या बंदराला तिला आणून सोडली म्हणे, पण काकांच्या डोळ्यांसमोरून ती कधी हललीच नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला लागले.

मग हिराकाकू आजारी पडल्या. पाय सुजले, धाप लागायला लागली, अंथरुणाला खिळल्या. पालघरचे डॉक्टर येऊन गेले आणि पडवीत काकांशी हळू आवाजात बोलले. बोलणं चांगलं नव्हतं, ते दिसतच होतं. काकूंना हवं होतं एकच, जयूला बघायचं. जयू त्यांचा एकुलता एक. तोही बोटीवरच, खानसाम्याच्या हाताखाली. तीन वर्षांत घरी आला नव्हता.

दातिवऱ्याचा एक खलाशी निरोप घेऊन आला. जयूची बोट सिंगापूरकडून येतेय, मुंबईला एक दिवस थांबेल, गोरे लोक लेणी बघायला जातील, तेवढ्यात जयूला सुट्टी. सहाच्या आत बोटीवर हजर व्हायचं.

"कुठले सहा?" काका म्हणाले.

"आता ते काय मी विचारलं नाय, काका."

काकांनी त्याला असं झापलं की चहा न पिताच तो उठून गेला. बोट उगवतीकडून येणार, म्हणजे तिचं घड्याळ पुढे असणार. फिरवलं असलं तर ठीक. नसलं तर बोटीवरचे सहा आपल्या सहाच्या बरेच आधी वाजणार. जयू चुकला तर नोकरी गेली. आणि नोकरीला घाबरून तो आलाच नाही तर काकूंचं काय?

आता मुरब्याला यायचं म्हणजे मुंबईहून गाडीने पालघर, तिथून सातपाटी, आणि मग मधे खाडी, होडीने ओलांडायची. ओहोटी पुरती लागली की आमच्या काठाची होडी चिखलात रुतून बसते, ती भरती येईस्तोवर हलायचं नाव नाही. जयू यायचा त्या दिवशी नेमकी दुपारी ओहोटी. काका सकाळपासून होडीपाशी जाऊन उभे. होडीवाला लखमा म्हणाला, "काका, घरी बसा, मी हाय ना." काका हलले नाहीत.

जयू आला तेव्हा मी काठावरच होते. उंच झाला होता, गालफडं बसली होती. बापाच्या पाया पडायला वाकला. काकांनी त्याला मधेच धरलं आणि विचारलं काय तर, "बोटीचं घड्याळ फिरवलं का?"

"नाय, बाबा. तसंच हाय."

"मग इथं काय उभा राहतोस? आईजवळ जा. पळ!"

बापलेकांचं एवढंच बोलणं झालं. मला भयंकर राग आला. तीन वर्षांनी पोरगा आला आणि ह्यांना घड्याळाचं पडलंय!

घरात काकूंनी जयूचा हात धरला तो सोडलाच नाही. मी तळलेलं पापलेट त्याच्यापुढे ठेवलं, तर तो डाव्या हाताने जेवायला लागला, कारण उजवा काकूंच्या हातात. मग काकूंनीच घास भरवले. मी सारखी दाराकडे बघत होते. आता येतील, आता शिटी फुंकतील. काकांचा पत्ता नाही. शेवटी मलाच धीर धरवेना. खाडीवर गेले.

पाणी पार खाली गेलं होतं. होडी काठापासून कितीतरी लांब, आणि काका मांडीभर पाण्यात. जसजसं पाणी हटत होतं तसतसे ते होडी पुढे ढकलत होते, खोल पाण्याकडे. मधेच चिखलात पाय रुतायचा, उपसायचे, पुन्हा खांदा लावायचे. लखमा होडीत उभा राहून वल्हं रोवत शिव्या देत होता. "म्हातारा मरंल हो बाई! कवाचा सांगतोय, पोराला बोलवा, पाणी चाललं!"

"काका, आणू का जयूला?" मी काठावरूनच ओरडले.

"नको!" ते ओरडले. "गाडीला अजून अवकाश हाय. बोटीच्याच टाइमाने मोजलंय मी. बसू दे त्याला आईजवळ. होडी मी तरती ठेवतो!"

मी तशीच परत फिरले. डोळे पुसले आणि घरात जाऊन जयूच्या ताटात आणखी भात वाढला.

निघायची वेळ झाली तेव्हा काकांनी जयूला आणायला लखमाला घरी पाठवलं. जयू त्याच्यामागून चिखल तुडवत होडीपर्यंत गेला. काकांनी त्याला हाताला धरून वर चढवलं, होडीला शेवटचा रेटा दिला आणि तिथेच पाण्यात उभे राहिले. जयू काहीतरी म्हणाला, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही. तो वेळेत पोहोचला. दातिवऱ्याचा तोच खलाशी दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन सांगून गेला आणि या खेपेला चहा पिऊन गेला.

पण मी सांगतेय ते त्याच दुपारचं. काका परत आले तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने माखलेले, एका पायाला शिंपल्याने कापून रक्त येत होतं. हिराकाकू झोपल्या होत्या. कित्येक दिवसांत अशी शांत झोप त्यांना लागली नव्हती. काकांनी दारातून त्यांच्याकडे पाहिलं, आत गेले नाहीत. पडवीच्या पायरीवर बसले. मी पाय धुवायला पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या तसाच बाजूला ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "तुमी होता ना आत? काय काय बोलला तो?"

मी म्हटलं, "काका, आधी पाय धुवा, मग सांगते."

"पाय धुईन. तुमी बसा." ते सरकले आणि मला पायरीवर जागा करून दिली. "आला तिथपासून सांगा. सगळं सांगा. घाई नाय."