सरांच्या पात्रावरचा कोळी

अमरावतीचे माझे घरमालक वानखडे सर घरातल्या कोळ्याला झाडू लागू देत नसत. "तिकडं पेरू देशात देव हाये तो," ते म्हणायचे, "अन् तुमी त्याले झाडून राहिले!"

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तीन हजार वर्षांपूर्वी पेरूच्या किनाऱ्यावरचे लोक पूजेसाठी दगडी पात्रं कोरत. त्यांवर सुळेवाले जॅग्वार, साप आणि माणसांच्या मुंडक्यांनी भरलेलं जाळं धरलेला कोळी. लायब्ररीतल्या पुस्तकात सरांनी ते पाहिलं आणि मग त्यांना दुसरं काही दिसेना. मी खोली बघायला गेलो, तर भाड्याचं बोलण्याआधी त्यांनी मला चित्रातल्या कोळ्याचे पाय मोजायला लावले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वाटलं, शहरात अशीच परीक्षा असेल. मन लावून मोजले.

"आठ."

"पास!"

आज मी पदवीधर आहे, पण माझी शहरातली पहिली परीक्षा तीच.

पुढे सरांनी स्वतःच काळ्या दगडाचं तसं पात्र कोरलं. तीन वर्षं लागली. त्यातले आठ महिने ते आतली बाजू नुसती घासत होते. "एवढ्यात माह्ये सारे भांडे घासून झाले असते," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या. अखेर पात्र अकोल्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. सरांचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन.

आदल्या दिवशी सर कटिंगला गेले आणि गल्लीत पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने ठोके देऊन टाकी लावणारी बाई आली. काकूंनी पात्रात हात फिरवला. गुळगुळीत! आमच्याकडे गुळगुळीत दगड म्हणजे झिजलेला दगड. त्यात मिरचीसुद्धा वाटली जात नाही. काकूंनी पात्राला आतून छान टाकी मारून घेतली.

सर आले. आत बोटं फिरवली, मग पात्र उजेडात नेऊन पाहिलं.

"काहून वो?" त्यांनी काकूंना विचारलं.

"एवढ्या मोठ्या लोकाईत झिजकं भांडं नेता? नावं ठेवतीन तुमाले. म्हून माह्या पाट्याआधी तुमचं करून घेतलं."

सरांनी पात्रातली दगडाची भुकटी फुंकली. मग म्हणाले, "पाटा राह्यला का मंग?"

"राह्यला. बाईले घाई होती."

मला वाटलं, प्रदर्शन बुडालं. पण सकाळी सर काकूंनाही घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. पात्र माझ्या मांडीवर.

तिथे एका प्राध्यापकांनी विचारलं, "बाहेर इतकं नाजूक काम, आणि आत हे ठोके?"

"बाहेरचं पेरूचं," सर म्हणाले, "आतलं वऱ्हाडाचं."

मग त्यांनी पात्रापुढे कार्ड ठेवलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कोरीव काम – गुणवंत वानखडे. आतील टाकी – शशिकला वानखडे.'

काकू चष्मा विसरल्या होत्या. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पदर सारखा करून पात्राशेजारी उभ्या राहिल्या, त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत.