ठिपक्यांचा निकाल

सांगलीला संगणकाच्या प्रशिक्षणासाठी शाळेतून एकच शिक्षक पाठवायचा होता आणि मुख्याध्यापक लालासाहेबांनी कुणालाही न विचारता चिंतामण सरांचं नाव कळवून टाकलं. सर मराठी शिकवत. वय बावन्न. घरातला मिक्सरसुद्धा त्यांनी कधी स्वतः लावला नव्हता. त्यांनी जाऊन कारण विचारलं, तेव्हा लालासाहेब खुर्चीत रेलून बसले. ते भाषणात शुद्ध बोलत आणि एरवी गावचं.

"सर, त्ये मशीन लय स्वच्छ अक्षर काढतं म्हनं. आपल्या शाळेत तुमच्यापरास स्वच्छ अक्षर कुनाचं हाय? सांगा तुमीच."

म्हणणं खरंच होतं. मलकापूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या या खोडजाईवाडीत फळ्यावरचा सुविचार, निरोपसमारंभाची मानपत्रं, झेंडावंदनाच्या पाट्या, इतकंच काय लग्नातल्या भांड्यांवर कोरायच्या नावांचा नमुना, सगळं सरांच्या हातचं असे. तीस वर्षांत गावातल्या एकाही पोराने किंवा पालकाने 'सरांना हे येत नाही' असं म्हटलेलं नव्हतं. सरांची सगळी मिळकत ती एवढीच, आणि ती त्यांना पगारापेक्षा प्यारी होती.

संगणक देणगीतून मिळणार होता. देणारा जयराज हा शाळेचा माजी विद्यार्थी, आता पुण्यात कसल्याशा संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शाळेत असताना या जयराजचं अक्षर दुसऱ्या दिवशी जयराजलाच वाचता येत नसे. सरांनी त्याच्याकडून तीन वर्षं रोज वीस ओळी शुद्धलेखन काढून घेतलं, खाडाखोड झाली की पुन्हा पहिल्यापासून. अक्षर सुधारलं नाही ते नाहीच.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात सर सांगलीला गेले. आठ दिवस, बेचाळीस शिक्षक आणि एक संगणक. वडीलधारी माणसं म्हणून सरांसारख्यांना पुढे खुर्च्या दिल्या आणि तरुण मंडळी मशीनभोवती कोंडाळं करून उभी राहिली. त्यामुळे पहिले चार दिवस सरांना तरुण मंडळींच्या पाठी तेवढ्या दिसल्या. पण व्याख्यान ऐकू येत होतं. त्यांनी शंभरपानी वही सुंदर अक्षरात भरवली, शीर्षकांना तांबडी रेघ मारली आणि कळफलकाची आकृती तर अशी काढली की शिकवणारा इसम थक्क झाला. थक्क झाला आणि घात झाला. त्याने बेचाळीस प्रमाणपत्रं सरांपुढे आणून ठेवली आणि नावं घालायची विनंती केली. उरलेले चार दिवस बाकीचे मशीनवर हात साफ करत होते आणि सर शेजारच्या खोलीत बोरू चालवत होते. 'संगणक चालविण्यात प्रावीण्य मिळविले' हे शब्द स्वतःच्या प्रमाणपत्रावर सरांनी स्वतःच लिहिले.

जूनमध्ये संगणकाची खोकी आली आणि पोचवणाऱ्याने मशीन जोडूनही दिलं. त्याआधीच्या पंधरा ऑगस्टला जास्त दाबाची वीज येऊन शाळेचा लाउडस्पीकर ऐन भाषणात जळाला होता, तेव्हापासून लालासाहेब विजेला वचकून होते. हस्तकलेची खोली संगणकाला दिली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सरांच्या हवाली केली. शिवाय उद्घाटन झाल्याखेरीज मशीनला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. उद्घाटन जयराजच्याच हस्ते व्हायचं होतं आणि जयराजला दिवाळीनंतरची तारीख मोकळी होती.

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी जबाबदारीचा माणूस, म्हणून एका दुपारी दार आतून लावून त्यांनी वही उघडली आणि पान सातवर लिहिल्याप्रमाणे मुख्य बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं बटण दाबलं. वही पहिल्यापासून पुन्हा वाचली. पडदा काळा तो काळाच. खोलीतल्या ट्यूबचं बटण दाबून पाहावं असं त्यांच्या मनात आलंही असतं, पण ती ट्यूब गेली चार वर्षं बंदच होती. चूक आपलीच, अशी त्यांची खात्री पटली. कुणाला विचारावं, तर विचारण्यातच सगळं आलं. त्यांनी मशीनवर परत चादर घातली आणि कुलूप लावलं.

मुलं मात्र रोज विचारू लागली. मग सरांनी तोडगा काढला. नववीच्या प्रत्येक मुलाकडून वह्यांच्या पुठ्ठ्यावर कळफलक आखून घेतला, वहीतल्या आकृतीबरहुकूम. रोज शेवटच्या तासाला नववीचा वर्ग पुठ्ठे मांडीवर घेऊन बसे आणि सर फळ्यापाशी उभे राहून अक्षरं पुकारत. खाली बघायचं नाही, बघितलं की वीस ओळी. दिवाळीपर्यंत चाळीस पोरं पुठ्ठ्यावर बोटं बडवत होती आणि आपण नेमकं काय शिकतोय हे त्यांना कळत नव्हतं. सरांनाही कळत नव्हतं.

मग लालासाहेबांनी बाँब टाकला. उद्घाटनाच्या दिवशी नववीचा सहामाहीचा निकाल संगणकावर काढून पालकांना वाटायचा, असं त्यांनी ग्रामसभेत सांगूनही टाकलं होतं.

"पण उद्घाटनाआधी मशीनला हात लावायचा नाही ना?" सरांनी शेवटची काडी धरली.

"आवं, बाहेर कळू न देता आतल्या आत चालवा की," लालासाहेब म्हणाले. "तुमी काय परके हाय का?"

घरी अनसूयाबाईंना सगळं ठाऊक होतं. या जगात तेवढ्याच एकट्यांना ठाऊक होतं. सरळ जाऊन सांगून टाका, असं त्या जूनपासून म्हणत होत्या. त्या दिवशीही म्हणाल्या. सर खुंटीला अडकवलेल्या लाईटबिलाकडे बघत होते. बिलावरचं प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचं होतं आणि कागदाच्या दोन्ही कडांना एकसारखी भोकं होती.

"अनसूया," सर म्हणाले, "शाळेतलं पंचिंग मशीन आणलं तर तू भोकं पाडशील?"

दिवाळीच्या सुट्टीत बाकी गाव फराळ करत होतं आणि सर खिडकीपाशी बसून ठिपके देत होते. चाळीस मुलं, आठ विषय, बेरीज, टक्के, शेरा. एका निकालपत्रकाला अडीच तास लागायचे. पहिल्या पाचानंतर हाताला मुंग्या आल्या, दहाव्यानंतर त्यांना ताटातली साबुदाण्याची खिचडीही वाचता येऊ लागली. अनसूयाबाई कडांना पट्टी लावून भोकं पाडत होत्या आणि मनातून हबकल्या होत्या, कारण तयार झालेला कागद बिलापेक्षा कितीतरी देखणा दिसत होता.

उद्घाटनाला गाव लोटलं. दाराला फीत, मशीनला हार, नारळ, हळदकुंकू, सगळं यथासांग. जयराज जीपमधून उतरला आणि भर गर्दीत सरांच्या पाया पडला. लालासाहेबांना दम निघेना, त्यांनी फीत कापायच्या आधीच निकाल वाटायला घेतले. कागद हातोहात फिरले. वर्गात पहिली आलेल्या दीपमालाची आई साळूबाई. तिने लेकीचा कागद उन्हात धरून पाहिला, कडेच्या भोकांतून बोट घालून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं की यंत्र ते यंत्रच, माणसाच्या हाताला असलं जमायचं नाही. सर खांबाला टेकून उभे होते. उद्घाटन झालं की मशीन बिघडलं म्हणून सांगायचं, इतकंच त्यांनी ठरवलं होतं.

जयराज मात्र निकालपत्रक हातात घेऊन माथ्यावरच्या 'श्री'वरून बोट फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, "सर, हे छापलं कशावर?"

"कशावर म्हंजी?" सरांच्या आधी लालासाहेबच बोलले. "तुमच्याच मशीनवर."

"पण छापायचं यंत्र वेगळं असतं, प्रिंटर. तो जूनमध्ये मिळाला नव्हता. आज जीपमध्ये घालून आणलाय. अजून खोक्यातच हाय."

लालासाहेब गोंधळले. पुण्याकडच्या लोकांना लागत असेल वेगळं यंत्र, आमच्या सरांना लागत नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. जयराजने फीत कापली, आत जाऊन बटण दाबलं. पडदा काळा. त्याने तारा हलवून पाहिल्या, मग भिंतीवरच्या लाकडी फळीकडे पाहिलं. तिथे फ्यूजच्या जागी रिकामी खाच होती.

"हितला फ्यूज कुठाय?"

"त्यो माज्याकडं हाय," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "खडूच्या खोक्यात. जूनपासनं."

"जूनपासनं? मग मशीन चालत कसं हुतं?"

लालासाहेबांनी आवाज खाली आणला, पण खोली इतकी चिडीचूप होती की शब्दन् शब्द बाहेर गेला. "आता काय सांगायचं तुमाला. मशीन जळू नये म्हनून फ्यूज मी काढून ठेवला. म्हनलं, लागंल तवा सर मागत्याल. सर काय कवा मागायला आले न्हाईत. आन् निकाल तर आला छापून. मला वाटलं, नवं मशीन हाय, ह्याला लाईट लागत नसंल. विचारलं न्हाई, उगा अडाणी दिसायला नको."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. मशीन बिघडलं म्हणायची सोय उरली नव्हती. पाच महिने छातीवर धोंडा घेऊन हा माणूस शाळेत येत होता आणि आता त्याला त्या धोंड्याचाच कंटाळा आला.

"मला हे मशीन येत नाही," सर म्हणाले. "सांगलीत मी याला हातही लावलेला नाही. निकाल मी हाताने काढलेत."

"ठिपके?" लालासाहेबांनी विचारलं.

"ठिपकेही."

"आन् भोकं?"

सरांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. अनसूयाबाईंनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

कुणी हसलं नाही, कारण हसावं की काय करावं हेच कुणाला उमगेना. जयराज हळूच म्हणाला, "मी कागद हातात घेतल्याबरोबर वळखलं होतं, सर. ठिपके असले म्हणून काय झालं, श्रीची गाठ तुमचीच. तीन वर्षं काढलीय मी ती." मग त्याने स्वतः जाऊन खडूच्या खोक्यातून फ्यूज आणला आणि बसवला. मशीनने कुईं केलं. पडदा उजळला, जयराजने जाता जाता ट्यूबचंही बटण दाबलं आणि चार वर्षं बंद असलेली ती ट्यूबही दोनदा डोळा मारून लागली, त्यामुळे तिलाही काही झालेलं नव्हतं, फक्त कुणी पुन्हा बटण दाबून पाहिलं नव्हतं, हे गावाला कळलं.

आता चालवायचं कुणी? नववीची पोरं पुढे सरकली. दीपमाला खुर्चीत बसली, नजर समोर भिंतीवर लावली आणि सवयीने शेवटच्या तासाचा धडा सुरू केला. पडद्यावर अक्षरं भराभर उमटू लागली. ओळीमागून ओळ, एक चूक नाही. पोरगीच सर्वांत जास्त दचकली.

"खाली न बघता? कुणी शिकवलं तुला हे?" जयराजने विचारलं.

"सरांनी."

"कशावर?"

"पुठ्ठ्यावर," दीपमाला म्हणाली. "आमाला सगळ्यांनाच येतंय."

सरांना आनंद झाला होता, पण तो आपला आहे की चुकून आपल्याकडे आलाय, हे त्यांना ठरवता येईना.

जयराजने जीपमधून प्रिंटर आणवला, जोडला आणि हौसेने दीपमालाचा खराखुरा निकाल काढला. कर्र कर्र करत कागद बाहेर आला. अक्षरं इंग्रजी, पुसट आणि बेरीज एका बाजूला घसरलेली. साळूबाईने तो पाहिला, उलटा करून पाहिला, मग पहिल्या कागदाशेजारी धरला.

"ह्यातलं मला काय बी उमगंना," ती जयराजला म्हणाली. "आवं, आमाला आदीच्याच मशीनचं द्या की."

तेव्हा मात्र गाव हसलं. सरही हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

लोक पांगल्यावर जयराजने सरांना खुर्चीत बसवलं. सरांनी एका बोटाने आपलं नाव शोधायला घेतलं आणि पाच-सहा मिनिटांनी पहिली तीन अक्षरं सापडली, त्यातलं एक चुकीचं. मान मात्र सारखी खाली जात होती. मागे उभ्या जयराजने घसा खाकरला, हात जोडले.

"सर, राग मानू नका. पण खाली बघितलंत. रोज वीस ओळी काढाव्या लागतील."

"आणि चुकलं तर?"

"नियम तुमचाच हाय की, सर," जयराज म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासनं."

दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या तासाला सर संगणकापुढे बसू लागले. ओळी दीपमाला तपासते, तांबड्या शाईने.